खेकड्याच्या पोटातलं फूल

प्रदर्शनाला पाच दिवस उरले असताना पद्मजा राणेला पत्र आलं. व्हॉट्सॲपवर, पण लेटरहेडसह. खाली हस्तकला मंचाचे कार्यवाह देवदत्त सबनीस यांची सही होती. टेबल क्रमांक सतरावर मांडल्या जाणाऱ्या ओढण्यांवरची खेकड्याची नक्षी ही अंधेरीच्या एका स्टुडिओच्या 'पुष्पकर्क' या डिझाइनची नक्कल असल्याची तक्रार आली आहे. सोबतच्या निवेदनावर सही केल्यास टेबल कायम राहील. न केल्यास रद्द होईल.

निवेदन एका वाक्याचं होतं. 'माझी नक्षी सदर स्टुडिओच्या मूळ डिझाइनवर आधारित आहे.'

पद्मजाने ते दोनदा वाचलं आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. घाटकोपरच्या पंतनगरमधल्या त्या दीड खोलीत चाळीस ओढण्या घड्या करून लोखंडी कॉटवर रचलेल्या होत्या. गणपतीपासून जानेवारीपर्यंतचं काम होतं ते.

"काय झालां?" नवऱ्याने, जयवंतने, पेपरमागून विचारलं.

तिने वाचून दाखवलं.

"मगे सय कर नि सोड. तो कागद कोण वाचतलो हा? तुका टेबल होया ना?"

"टेबल हवंय. सही नाही करणार."

"दोन्ही कसां गावतला?"

"ते बघते मी."

सून गंधाली मुलुंडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायची. ओढण्यांचे फोटो इन्स्टाग्रामवर तिनेच टाकले होते, त्यामुळे स्टुडिओला ते कुठे दिसले हे विचारायची गरज नव्हती. संध्याकाळी ती घरी आली आणि चपला काढता काढता तिने स्टुडिओचं ब्रोशर फोनवर उघडलं. पुष्पकर्क पान तीनवर होता. मशीनने भरलेला खेकडा, कुशन कव्हरवर. आठ पाय, दोन नांग्या, आणि कवचाच्या मधोमध दहा पाकळ्यांचं फूल.

"'कर्काच्या उदरातील पुष्प हे स्त्रीच्या सुप्त सर्जनाचं प्रतीक आहे,'" गंधालीने वाचलं. "'दहापैकी एक पाकळी हेतुतः अपूर्ण ठेवली आहे. ती अपुऱ्या इच्छेची.' आई, काय यार हे! कर्क म्हणे. कुर्ली म्हणायला लाज वाटते का?"

पद्मजा हसली नाही. तिने फोन हातात घेऊन चित्र मोठं केलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ बघत राहिली.

"मिक्सरवरचं कव्हर आण," ती म्हणाली.

ते कव्हर म्हणजे तिचा पहिला फसलेला प्रयत्न होता. त्याची हकिकत अशी.

पद्मजा तीस वर्षं गोधड्या शिवत होती. जुन्या साड्यांचे थर, वर रंगीत कापडाचे तुकडे कापून लावलेली नक्षी, सगळ्यावरून धावदोरा. इतर बायका चौकोन आणि त्रिकोण लावत. पद्मजा कुर्ल्या, बांगडे आणि माडाच्या झावळ्या लावायची. प्रत्येक आकाराचा खाकी कागदाचा फर्मा होता. कागद कापडावर ठेवायचा, खडूने आखायचं, कापायचं, कड पाव इंच आत दुमडायची आणि तुरपाई करायची. साठी उलटली आणि गुडघे गेले. गोधडीला जमिनीवर बसावं लागतं. खुर्चीवर बसून होईल असं एकच काम होतं, रिंगमध्ये कापड ताणून भरतकाम. म्हणून तिने ठरवलं की तीच नक्षी दोऱ्याने भरायची.

सोपं वाटलं होतं. तिने फर्मे काढले, कार्बनने कापडावर उतरवले आणि भरायला बसली. चार दिवसांनी जो खेकडा तयार झाला तो बघून जयवंत म्हणाला होता, "ह्येना काय गिळलां?" खेकडा सगळीकडून सुजला होता, कारण फर्म्यात दुमडायची कड धरलेली असते आणि दोऱ्याला दुमड नसते. आणि पोटात फूल उमललं होतं. कापडाचे पाय कवचाच्या कडेला संपत नाहीत. ते कवचाखाली दोन बोटं आत जातात, म्हणजे ओढ बसली तरी निघत नाहीत. वरून कवच बसलं की ती टोकं झाकली जातात. पण फर्मा जसाच्या तसा गिरवला की दहाही टोकं कवचावर येतात आणि मधोमध गोल जमतात. पाकळ्यांसारखी.

मग तिने नव्याने सुरुवात केली. शिवलेल्या गोधडीवर पातळ कागद टाकून फक्त दिसतं तेवढंच गिरवलं. कड साखळी टाक्याने बांधली. आतला भाग गच्च न भरता धावदोऱ्याच्या जवळजवळ ओळींनी भरला, म्हणजे कापड कडक झालं नाही आणि लांबून गोधडीचाच भास राहिला. फसलेला खेकडा मिक्सरवर गेला.

गंधालीने कव्हर आणलं. पद्मजाने ते फोनशेजारी ठेवलं. दोन्हीकडे दहा पाकळ्या होत्या. दोन्हीकडे उजवीकडची तिसरी पाकळी आखूड होती.

"म्हणजे चुकीसकट उचललंय!" गंधाली म्हणाली.

"फर्मे गेले होते तिकडे."

दीड वर्षापूर्वी स्टुडिओची मालकीण श्वेता कारखानीस हिने गोधडीचे नमुने बघायला पद्मजाला अंधेरीला बोलावलं होतं. चहा दिला, फर्म्यांचं पाकीट 'अभ्यासाला' ठेवून घेतलं आणि महिन्याने कुरियरने परत पाठवलं. त्यानंतर फोन नाही.

"आणि ती आखूड पाकळी?"

"ह्यांची पँट," पद्मजा म्हणाली. "इस्त्री करताना जळली होती माझ्या हातून. पाय त्या पँटचे कापले. एका पायाला कापड कमी पडलं, मग कवचाखाली कोण बघतंय म्हणून मुळाशी आखूडच ठेवला. फर्माही तसाच छाटून टाकला."

जयवंतने पेपर खाली ठेवला. "माझी पँट शेवटी ब्रोशरात इली मगे."

"अपुरी इच्छा म्हणून," गंधाली म्हणाली, आणि मग मात्र तिघंही हसली.

हसून झाल्यावर गंधालीनेच अडचण सांगितली. मिक्सरचं कव्हर पुरावा नव्हता. स्टुडिओ म्हणेल, हे आमचं बघून केलंत. फर्मेही पुरावा नव्हते, कागदावर तारीख नसते. ब्रोशरवर मात्र गेल्या मार्च महिन्याची तारीख छापलेली होती.

"गोधडी आहे," पद्मजा म्हणाली.

ती गोधडी जयवंतच्याच अंगावर असायची. २०१० च्या थंडीत शिवलेली, तिच्यावरचा खेकडा हा पद्मजाचा पहिला. चौदा वर्षांच्या धुण्याने कापड मऊ पडलं होतं आणि दोरा त्यात मुरला होता. कवचाभोवतीची तुरपाई एकदाही उसवलेली नव्हती. त्या कवचाखाली दहा टोकं असतील, एक आखूड असेल, तर ती तिथे कालपरवा कुणी ठेवली असं म्हणता येणार नव्हतं.

असतील तर. पद्मजाला खात्री नव्हती. जाडी येऊ नये म्हणून पुष्कळदा ती कवच लावण्याआधी आतलं जादा कापड छाटून टाकायची. नंतरच्या सगळ्या खेकड्यांत तिने ते छाटलं होतं. पहिल्यात छाटलं की नाही, ते आठवत नव्हतं. तिने कवचावर अंगठा दाबून बघितला. खाली साड्यांचे पाच थर होते. अंगठ्याला काही कळलं नाही.

"इथेच उसवून बघूया का?" गंधालीने विचारलं.

"घरी उसवलं तर पुरावा गेला. मग म्हणतील, घरून घालून आणलं."

"आणि तिथे उसवलं आणि काही निघालंच नाही तर?"

"तर सगळ्यांसमोर खोटी ठरेन."

"मग सही केलेली काय वाईट? निदान चाळीस ओढण्या तरी..."

"सही केली तरी खोटीच ठरते ना गं," पद्मजा म्हणाली. "ती लेखी."

दुसऱ्या दिवशी तिने सबनीसांना फोन केला. सबनीस बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते. त्यांचा आवाज कायम काउंटरच्या पलीकडून आल्यासारखा यायचा.

"राणे बाई, मला यात पडायचं नाही हो."

"पडलात की. पत्रावर सही तुमची आहे."

"ती कार्यवाह म्हणून."

"मग कार्यवाह म्हणूनच ऐका. मांडणीच्या दिवशी मी येणार. गोधडी घेऊन. तक्रार करणाऱ्या बाईंनाही थांबायला सांगा."

"निवेदनावर सही असेल तरच..."

"येते मी," असं म्हणून तिने फोन ठेवला.

मांडणी मुलुंडच्या एका शाळेच्या सभागृहात, सकाळी अकराला होती. जयवंतने गोधडी सोडताना कुरकुर केली. "मी काय पांघरू? ऐन जानेवारीत!" पद्मजाने त्याला चादर काढून दिली. गंधालीने लॅबमधून अर्धा दिवस घेतला. रिक्षात ओढण्यांची पिशवी दोघींच्या मध्ये आणि गोधडी पद्मजाच्या मांडीवर होती.

सतरा नंबरच्या टेबलावर चादर नव्हती, नावाची पाटीही नव्हती. समोरच्या रांगेत स्टुडिओचं मोठं टेबल होतं: कुशन कव्हरं, ब्रोशरांची चळत आणि प्रात्यक्षिकासाठी आणलेलं एका सुईचं भरतकाम मशीन. ते चालवायला सर्वेश नावाचा चाळिशीचा माणूस होता. संगणकावर नक्षी उतरवायचं काम स्टुडिओत तोच करायचा. तो मशीनपाशी वाकून सुई बदलत होता.

श्वेता कारखानीस स्वतः पुढे आली. कडक इस्त्रीची हातमागाची साडी, गळ्यात चांदी.

"काकू, वाद नको ना आपल्यात. एका वाक्याचा प्रश्न आहे."

"तेच म्हणते मी. एकच वाक्य, पण खोटं आहे."

"तुमच्याकडे तारीख असलेलं काय आहे?"

पद्मजाने गोधडी सतरा नंबरच्या उघड्या टेबलावर पसरली. आसपासच्या टेबलांवरच्या बायका हातातलं काम टाकून आल्या. सबनीसही आले, हात मागे बांधून.

"ही दोन हजार दहाची. हात लावून बघा, सबनीस."

सबनीसांनी दोन बोटांनी कड चाचपली. "जुनी आहे," ते म्हणाले. "एवढं कळतं."

"असेल जुनी," श्वेता म्हणाली. "मी कुठे म्हणते नाही? खेकडा कुणाचाही असतो, काकू. समुद्राचा असतो. आमचं मूळ काम म्हणजे ते फूल. पुष्पकर्कची सगळी कल्पनाच ती आहे. तुम्ही फूल काढून टाकलंत आणि उरलेला खेकडा घेतलात. माप बघा, नांगी बघा, जशीच्या तशी. तुम्ही आमच्या स्टुडिओत येऊन गेलात हे तर तुम्हीही नाकारणार नाही. तेव्हाच बघितलं असेल." तिने गोधडीवर बोट ठेवलं. "यात कुठाय फूल?"

"आत आहे," पद्मजा म्हणाली.

"म्हणजे?"

"कवचाखाली. दहा पाकळ्या. उजवीकडची तिसरी आखूड. उघडण्याआधी सांगते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको."

कुणीतरी हसलं. सबनीसांनी चष्मा नीट केला. "राणे बाई, म्हणजे तुम्ही ही गोधडी..."

"उसवणार. ब्रोशर घ्या हातात. पान तीन."

तिने पिशवीतून दोरा कापायची छोटी कात्री काढली. खुर्ची कुणी दिली नव्हती. तिने मागितलीही नाही. टेबलाच्या कडेला कंबर टेकवून ती वाकली. चौदा वर्षं मुरलेला टाका सहज निघत नाही. कात्रीचं टोक आत घालायचं, दोरा कापडापासून वेगळा करायचा, मग तोडायचा. पहिले पाच टाके निघायला काही मिनिटं गेली. सभागृहातला शिडी ओढण्याचा आवाज थांबला. गंधालीने फोन काढून चित्रीकरण सुरू केलं. तिने कोपर टेबलावर टेकवलं.

कवचाची डावी कड सुटली. पद्मजाने ती उचलली नाही. वरची कड सुटली. श्वेता घड्याळाकडे बघून म्हणाली, "मला दुसरी कामं आहेत, सबनीस."

"थांबा जरा," सबनीस म्हणाले. मघापासूनचं त्यांचं ते पहिलंच ठाम वाक्य होतं.

उजवी कड सुटली. आता कवच फक्त खालच्या बाजूला धरलेलं होतं. पद्मजाने कात्री ठेवली आणि पदराने हात पुसले. आत कापड छाटलेलं असेल तर आता नुसती जुनी साडी दिसणार होती. तिने कवच उलटं केलं.

वर आठ पाय आणि दोन नांग्या फिक्या पडल्या होत्या. कवचाखाली ऊन आणि साबण पोचला नव्हता. तिथे जयवंतच्या पँटचा मूळ रंग होता, गडद निळा. दहा निळी टोकं मधोमध गोल जमली होती. उजवीकडचं तिसरं टोक बोटभर आखूड होतं, आणि त्याच्या कडेला इस्त्रीचा तपकिरी डाग.

बाजूच्या टेबलावरची बाई म्हणाली, "अगं बाई. हे तर तेच!"

सबनीसांनी ब्रोशर गोधडीवर ठेवलं, पान तीन उघडून. त्यांनी बोटाने पाकळ्या मोजल्या. आधी कागदावर, मग कापडावर.

"ही पायांची टोकं आहेत," पद्मजा म्हणाली. "निघू नयेत म्हणून आत घ्यावी लागतात. कवच बसलं की दिसत नाहीत. ज्याने गोधडी शिवलीय त्याला हे माहीत असतं. ज्याने नुसता फर्मा गिरवला त्याला फूल दिसतं. आणि आखूड आहे ती अपुरी इच्छा नाही. पँट अपुरी होती."

बायका हसल्या. श्वेताचा चेहरा लाल झाला. "हा योगायोगही असू शकतो."

मशीनपाशी सर्वेश अजून सुई हातात धरून उभा होता. "म्हणून सुई मोडते होय इथे," तो बोलून गेला. तो पद्मजाशी बोलत होता, एका कारागिराने दुसऱ्याशी बोलावं तसा. "कवच भरून झाल्यावर त्यावर पाय येतात ना, मग त्या फुलावर टाक्यांचे तीन थर बसतात. प्रत्येक कव्हरमागे एक सुई जाते. मी तेव्हाच विचारलं होतं मॅडमना, की ते खाकी कागद स्कॅन केलेत त्यातले पाय खालून कापू का..."

तो थांबला. उशीर झाला होता.

"सर्वेश," श्वेता म्हणाली.

"मग काय म्हणाल्या मॅडम?" गंधालीने फोन त्याच्याकडे वळवत विचारलं.

सर्वेशने हातातली सुई डबीत ठेवली. "राहू दे म्हणाल्या. छान दिसतंय म्हणाल्या."

श्वेता पद्मजाच्या जवळ आली आणि आवाज खाली घेऊन म्हणाली, "काकू, असं करूया. दोघींचं नाव टाकू. पुष्पकर्क, तुमचं आणि आमचं. तुम्हालाही नाव मिळेल."

"माझं नाव माझ्याकडे आहे," पद्मजा म्हणाली. "आणि चूक एकटीने केलीस, तर श्रेय दोघींनी कशाला घ्यायचं?"

श्वेता परत आपल्या टेबलाकडे गेली. ब्रोशरांची चळत तिने सरळ केली, मग पुन्हा सरळ केली.

सबनीसांनी स्वतः जाऊन सतरा नंबरची पाटी आणली. टेबलासाठी चादर आणि खुर्चीही आणवली.

"राणे बाई, तुमचं टेबल तुमचं. निवेदनाचा विषय संपला."

"संपला कसा? पत्र लेटरहेडवर आलं होतं. तक्रार खोटी निघाली, हेही लेटरहेडवरच हवं. तुमच्या सहीने."

"अहो, आता इतक्या लोकांसमोर झालं सगळं..."

"आरोप लेखी होता."

"कमिटीपुढे ठेवावं लागेल." सबनीसांनी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते कळलं नाही. "बघतो मी. बरं, एक विनंती. ते कवच तेवढं शिवून घ्या. उद्या उद्घाटनाला पाहुण्या येतायत. असं उघडं पडलेलं बरं दिसत नाही."

पद्मजाने गोधडी टेबलामागच्या तारेवर अडकवायला घेतली. गंधालीने दुसरं टोक धरलं. खेकडा बरोबर मध्यभागी आला. उलटं पडलेलं कवच जिभेसारखं खाली लोंबत होतं आणि निळं फूल सभागृहाच्या दारातूनही दिसत होतं.

"समोरच्या ब्रोशरमधलं पान तीन कधी निघतंय?" तिने विचारलं.

"ते आता लगेच कसं..."

"मग मीही लगेच शिवत नाही."

पाहुण्या आल्या. त्यांनी उघड्या खेकड्याकडे बघितलं, सबनीसांकडे बघितलं आणि पुढे गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी समोरच्या टेबलावरची ब्रोशरं दिसेनाशी झाली. मशीन आता मोर भरत होतं. त्याबद्दल कुणी काही जाहीर केलं नाही. पद्मजाने सुई-दोरा पिशवीतून काढला नाही, कारण सबनीसांच्या सहीचं पत्र अजून आलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी एक बाई ओढणी बघता बघता मान वर करून म्हणाली, "आजी, तुमची गोधडी फाटलीय वाटतं."

"फाटली नाही," पद्मजा म्हणाली. "मी उसवलीय. या, इकडून नीट दिसेल."